सन्हेरीबाचा आकडा, हिज्कीयाचा बोगदा आणि माझ्या भाच्याचा प्रश्न

गर्भगिरी

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत फिरत होती. लाल समुद्राच्या तळाशी पोवळ्यांनी मढलेली रथाची चाकं, आणि खाली मजकूर की मोशेच्या मागे जाऊन समुद्रात बुडालेल्या फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, सैन्याचा पुरावा सापडला. पन्नासेक जणांनी 'आमेन' लिहिलं. मीही पाहिली आणि सोडून दिली. माझ्या भाच्याने सोडली नाही. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन रात्री जागून त्याने शोध घेतला. ती चाकं कुठल्याही संग्रहालयात नाहीत, कुठल्याही उत्खननाच्या अहवालात नाहीत. रविवारी जेवताना त्याने ताटावरून मान वर न करता विचारलं, "मामा, हे खोटं निघालं. मग बाकीचं कशावरून खरं?"

त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. "विश्वास ठेव" एवढंच म्हणालो, आणि ते म्हणताना माझं मलाच कमी वाटलं. माझे वडील पाळक होते. घरात बायबलबरोबर नकाशेही असायचे. गेली वीस वर्षं मी या विषयावर जमेल तसं वाचतो आहे, आणि मंडळीतल्या काही जणांबरोबर एकदा यरुशलेमेलाही जाऊन आलो. तरी ऐन वेळी गप्प बसलो. तेव्हा जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितो. चुकलं तर सांगा.

मी एकच प्रसंग घेतो, कारण त्याच्याबद्दल तीन ठिकाणांहून साक्ष मिळते : बायबलमधून, शत्रूच्या दरबारातून आणि मातीतून.

ख्रिस्तपूर्व ७०१. उत्तरेचं इस्राएल राज्य अश्शूरने (आजच्या उत्तर इराकमधलं साम्राज्य) वीसेक वर्षांपूर्वीच संपवलं होतं. आता अश्शूरचा राजा सन्हेरीब दक्षिणेच्या यहूदा राज्यावर चालून आला. यरुशलेमेत हिज्कीया राजा होता. बायबलमधल्या २ राजे २०:२० मध्ये जाता जाता एक ओळ आहे, की त्याने तळं आणि नळ बांधून शहरात पाणी आणलं. २ इतिहास ३२ मध्ये थोडं जास्त आहे : गीहोनच्या झऱ्याचं वरचं तोंड बुजवून पाणी खालून दावीदनगराच्या पश्चिमेला नेलं. शत्रू तटाबाहेर तळ देणार, त्याला पाणी मिळू नये आणि आपल्याला आत मिळावं, असा साधा हिशोब.

तो बोगदा अजून आहे आणि त्यातून अजून पाणी वाहतं. लांबी ५३३ मीटर. नागमोडी, कुठे छाताड बाहेर काढून सरळ चालता येईल असा, कुठे खांदे दोन्ही बाजूंना घासतील असा. दोन्ही टोकांकडून दोन टोळ्या खणत आल्या आणि मध्ये भेटल्या. एवढ्या लांबीत उतार फक्त तीसेक सेंटिमीटरचा. आमच्या नगरकडे विहिरीला आडवं बोअर मारणारी माणसं मी पाहिली आहेत. यंत्र असूनही अंदाज चुकतो. त्या लोकांकडे टिकाव आणि तेलाचे दिवे होते.

१८८० मध्ये तिथे खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला दक्षिण टोकाजवळ भिंतीवर अक्षरं दिसली. जुन्या हिब्रू लिपीत सहा ओळी. मजकूर असा, की तीन हात खडक उरला असताना पलीकडच्या माणसाने मारलेली हाक ऐकू आली, मग टिकावासमोर टिकाव असे खणत ते एकमेकांना भेटले, पाणी झऱ्यापासून तळ्यापर्यंत १२०० हात वाहिलं आणि खणणाऱ्यांच्या डोक्यावर १०० हात खडक होता. राजाचं नाव नाही. देवाचंही नाव नाही. ज्यांनी खणलं त्यांनी आपल्या भेटीचा क्षण तेवढा लिहून ठेवला. तो शिलालेख पुढे भिंतीतून कापून काढला गेला आणि आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मी बोगद्यात त्या मोकळ्या जागी हात ठेवून उभा राहिलो होतो.

मग बोगदा हिज्कीयाचाच कशावरून? २००३ मध्ये गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींची कार्बन तपासणी आणि छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या लवणस्तंभांची युरेनियम-थोरियम तपासणी प्रसिद्ध झाली. काळ निघाला ख्रिस्तपूर्व ७०० च्या आसपासचा. काही संशोधक काम त्याच्याही आधी सुरू झालं असं मानतात, तो वाद चालू आहे. पण काळाचा मेळ बसतो.

आता शत्रूचा कागद. कागद म्हणजे भाजलेल्या मातीचा सहा बाजूंचा स्तंभ. त्यावर सन्हेरीब सांगतो : हिज्कीयाची ४६ तटबंदीची नगरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, आणि खुद्द त्याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं यरुशलेमेत कोंडलं. खंडणी किती घेतली? ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं आणि ८०० किक्कार चांदी. आता २ राजे १८:१४ काढा. ३० किक्कार सोनं, ३०० किक्कार चांदी.

सोनं जुळतं, चांदी जुळत नाही. भाच्या, तू हे वाचत असशील तर मला तुला पहिल्यांदा हेच दाखवायचं आहे. दोन शत्रूंच्या दोन वह्या, एकच देणंघेणं. एक आकडा तोच, दुसरा वेगळा. सगळे आकडे जुळले असते तर एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं असं मला वाटलं असतं.

आणि सन्हेरीब एवढं सगळं सांगतो, पण यरुशलेम घेतलं असं म्हणत नाही. कोंडलं म्हणतो. बायबलही म्हणतं की शहर पडलं नाही.

पडलं ते लाखीश. त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहितो, आत्ता कामावर निघायचं आहे.

तेलघाणा

गर्भगिरी दादा, मी अश्दोदहून लिहितोय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आजोबा अलिबागजवळचे, घरात अजून मराठी चालते. तुम्ही ख्रिस्ती मंडळीसाठी लिहिताय ते कळतं, पण हिज्कीया आमचाही राजा, म्हणून बोलतो.

त्या बोगद्याच्या वर, जुन्या शहरातल्या यहुदी वस्तीत, आणखी एक गोष्ट आहे जी यात्रेकरूंना सहसा दाखवत नाहीत. १९७० च्या दशकात नाहमान अविगाद यांनी तिथे खणलं तेव्हा सात मीटर जाडीचा तट सापडला. हिज्कीयाच्याच काळातला. आणि तो तट लोकांच्या घरांवरून गेलाय. खाली अर्धवट तोडलेल्या घरांच्या भिंती दिसतात. यशया २२:१० मध्ये संदेष्टा रागावून म्हणतो की तुम्ही घरं मोजली आणि तट मजबूत करायला ती पाडली. मी तिथे उभा राहिलो की राजा डोळ्यांसमोर येत नाही. ज्याचं घर पाडलं तो माणूस येतो. सरकारी मोजणीदार दारात आले असतील, खुणा केल्या असतील.

२०१५ मध्ये मातीचा एक शिक्काही जाहीर झाला, नखाएवढा. आयलात मझार यांच्या उत्खननात २००९ ला निघालेल्या मातीतला, माती पाण्यात धुऊन चाळताना मिळालेला. त्यावर "हिज्कीया, आहाजाचा पुत्र, यहूदाचा राजा". हा बाजारातून आलेला नाही, थरातून आलेला आहे. हा फरक फार मोठा आहे.

प्रश्नचिन्ह

लेख आवडला. मी नास्तिक आहे, पण वाद घालायला आलेलो नाही, खरंच विचारतोय.

हिज्कीया होता, सन्हेरीब होता, बोगदा आहे. मान्य. पण त्याच प्रकरणात, २ राजे १९:३५ मध्ये, परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले असंही लिहिलंय. बोगदा खरा म्हणून दूतही खरा, अशी सांधेजोड मंडळीत केली जाते. ती तुम्ही करता का? माझ्या गावाजवळ किल्ला आहे आणि त्या किल्ल्यावर देवीने तलवार दिली अशी कथा आहे. किल्ला खरा आहे म्हणून कथा खरी ठरत नाही.

गर्भगिरी

नाही, करत नाही. आणि प्रश्न नेमका विचारलात.

कुदळ दूतापर्यंत पोचत नाही. सन्हेरीब परत गेला एवढं दोन्हीकडे आहे. का गेला, याचं उत्तर त्याच्या लेखात खंडणी आहे आणि बायबलमध्ये परमेश्वर. १,८५,००० माणसांची हाडं कुठे सापडलेली नाहीत. मी विश्वास ठेवतो तो त्या शहराची राखण करणाऱ्यावर, आकड्यावर नाही. पण हा माझा विश्वास आहे, पुरातत्त्वाचा निष्कर्ष नाही. या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालायच्या नाहीत, हेच मला भाच्याला सांगायचं होतं.

त्याच अध्यायाच्या शेवटच्या ओळीत सन्हेरीबाला त्याच्याच मुलांनी मारल्याचं आहे. बॅबिलोनी इतिवृत्तातही त्याला मुलाने मारल्याची नोंद आहे, साल येतं ख्रिस्तपूर्व ६८१. ही गोष्ट तपासता येते, दूताची येत नाही. दोन्ही एकाच अध्यायात आहेत, आणि वाचणाऱ्याने कुठल्या ओळीवर कुठला प्रश्न विचारायचा हे ओळखायला हवं.

आता लाखीश. यरुशलेमेच्या नैर्ऋत्येला, यहूदाचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. आपल्या राजधानीत, निनवेच्या राजवाड्यात, सन्हेरीबाने एक अख्खं दालन या एका वेढ्याच्या कोरीवकामाने भरलं. इंग्रज उत्खननकार लेयार्डने ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उकरलं, आता लंडनला आहे. तटाला भिडवलेला मातीदगडाचा उतार, त्यावरून चढणारी तट फोडायची यंत्रं, वरून पेटते पलिते टाकणारे लोक. खाली हरलेली कुटुंबं चाललीत. बैलगाडीत बोचक्यांवर बसलेल्या बायका आणि पोरं. काही माणसं सुळावर. आणि सिंहासनावर सन्हेरीब, वर लिहिलेलं की लाखीशची लूट त्याच्यासमोरून गेली.

डेव्हिड उसिश्किन यांनी १९७३ पासून लाखीश खणलं. तो उतार तिथे नैर्ऋत्य कोपऱ्याला आहे, चित्रात आहे तसाच. आतल्या बाजूने शहरवाल्यांनी घाईघाईने घातलेला दुसरा भरावही सापडला. शेकडो बाणांची टोकं. त्याआधी १९३० च्या दशकात स्टार्की यांना जवळच्या गुहांत सुमारे १५०० माणसांच्या हाडांचा ढीग मिळाला होता. जळालेल्या थरात रांजणांच्या कानांवर 'ल-म-ल-क' असे ठसे, म्हणजे 'राजाचे'. हिज्कीयाने लढाईआधी साठवलेलं धान्य-तेल असावं.

बायबलमध्ये लाखीश दोनचार ओळींत येऊन जातं. त्या पंधराशे माणसांबद्दल तिथे काही नाही. यरुशलेम वाचल्याची स्तुती आम्ही गातो, पण लाखीश वाचलं नाही हे मला माती पाहिल्यावर कळलं. माझी प्रार्थना त्यानंतर बदलली. कशी ते सांगता येणार नाही.

खापरवेडा

मी डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलो. पश्चिम आशिया हा माझा विषय नाही, पण थर वाचणं सगळीकडे सारखंच.

आपल्याकडे गावाबाहेर पांढरीचं टेकाड असतं. माणसं पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती बांधतात, पडतात, त्यावर पुन्हा बांधतात. तिकडे त्याला 'तेल' म्हणतात. लाखीश तेल आहे, यरीहो तेल आहे. चर घेतला की कापलेल्या केकसारखे थर दिसतात, आणि प्रत्येक थराचा काळ मुख्यतः खापरांवरून ठरतो. नाणी नसलेल्या काळात खापरच घड्याळ.

आता गर्भगिरींनी जे टाळलंय ते मी सांगतो, कारण भाच्याला ते दुसरीकडे वाचायला मिळेलच. यरीहो. बायबल सांगतं की मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या वेळी त्याचा तट कोसळला.

१९३० च्या दशकात जॉन गारस्टँग यांनी तिथे कोसळलेला तट शोधला आणि तो यहोशवाचा असं सांगितलं. वर्तमानपत्रांत गाजलं. मग १९५२ ते १९५८ कॅथलीन केन्यन यांनी त्याच टेकाडावर खूप काटेकोर पद्धतीने चर घेतले, आणि निघालं की तो तट यहोशवाच्या कुठल्याही मानलेल्या काळापेक्षा हजारेक वर्षं जुना. नंतरचं मोठं शहर ख्रिस्तपूर्व १५५० च्या आसपास जळालं. ज्या तेराव्या शतकात बहुतेक अभ्यासक यहोशवाला ठेवत, त्या काळात तिथे तटबंदीचं शहर सापडत नाही. केन्यनबाई चर्चविरोधी नव्हत्या. त्यांचे वडील सर फ्रेडरिक केन्यन बायबलच्या हस्तलिखितांचे नावाजलेले अभ्यासक होते. पुढे काहींनी तारखा १४०० पर्यंत ओढायचा प्रयत्न केला, पण बहुतेकांना तो पटलेला नाही.

आय या गावाचंही तेच. यहोशवा ७-८ मधलं. तिथे जोसेफ कॅलवे या बाप्टिस्ट प्राध्यापकांनी खणलं. विश्वासू माणूस. त्यांना मिळालं ते असं, की जागा ख्रिस्तपूर्व २४०० च्या सुमारापासून बाराशेच्या सुमारापर्यंत ओसाड. त्यांनी ते तसंच प्रसिद्ध केलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आपल्याला हवं होतं त्याच्या उलट निघालेलं छापायला छाती लागते.

उलट बाजूही सांगतो, कारण 'काहीच सापडलं नाही' हेही खोटं आहे. १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमध्ये फारो मेर्नेप्ताहचा शिलालेख मिळाला, ख्रिस्तपूर्व १२०८ च्या आसपासचा. त्यात कनानमधल्या (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या भागातल्या) पराभूत केलेल्यांच्या यादीत 'इस्राएल' आहे, आणि त्या शब्दापुढे प्रदेशाची नव्हे, लोकांची खूण आहे. म्हणजे त्या नावाचे लोक तेव्हा तिथे होते. त्यानंतरच्या शतकात डोंगराळ भागात शेकडो लहान वस्त्या उगवलेल्या दिसतात. ते लोक बाहेरून आले की तिथलेच होते, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

प्रश्नचिन्ह

खापरवेडा, धन्यवाद. यरीहोबद्दल इतकं सरळ मी मराठीत पहिल्यांदा वाचतोय. वाचनखूण साठवली.

वसईची_लेक

मी कॅथलिक. आमच्याकडे जुन्या करारापेक्षा येशूबद्दलच जास्त विचारलं जातं. माझी मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकते, तिने विचारलं की येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात खरा होता का. मी म्हटलं, आपण दर रविवारी श्रद्धांगीकारात त्याचं नाव घेतो. ती म्हणाली, ते आपण घेतो, इतर कुणी घेतं का. काय सांगू?

अवांतर : २०१३-१४ च्या हिवाळ्यात मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात इराणच्या सायरस राजाचा मातीचा दंडगोल आला होता, तेव्हा मी सासूबाईंना घेऊन गेले होते. बायबलमधल्या एज्राच्या पहिल्या अध्यायातला, यहुद्यांना यरुशलेमला परत जाऊ देणारा, तोच कोरेश राजा. एवढासा, फुटबॉल ठेचल्यासारखा. रांगेत आमच्यापुढे पारशी आजीआजोबा होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंनी त्यांना जागा दिली.

खापरवेडा

वसईची_लेक ताई, पिलाताचं उत्तर दगडात आहे. १९६१ मध्ये समुद्रकाठच्या कैसरिया इथे इटालियन पथक रोमन नाट्यगृह खणत होतं. पायऱ्यांत उलटा बसवलेला एक चुनखडीचा दगड निघाला, कुणीतरी नंतर जुना दगड पायरीला वापरलेला. त्यावर लॅटिनमध्ये, अर्धी अक्षरं झिजलेली, "…तियस पिलातस, यहूदियाचा प्रीफेक्ट", आणि सम्राट तिबेरियसच्या नावे बांधलेल्या इमारतीचा उल्लेख. रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताचा हुद्दा 'प्रोक्युरेटर' असा देतो. दगडाने तो दुरुस्त केला.

दुसरं. १९६८ मध्ये यरुशलेमेच्या उत्तरेला एका कुटुंबाच्या थडग्यात हाडं ठेवायच्या दगडी पेट्या सापडल्या. एकीवर 'येहोहानान' हे नाव. आत त्याच्या टाचेचं हाड, आणि त्यात साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा अजून रुतलेला, टोक वाकलेलं. वाकलं म्हणून काढता आला नसावा. पहिल्या शतकातला, वधस्तंभावर मारलेला माणूस. पूर्वी काही अभ्यासक म्हणत की असे मृतदेह फेकूनच दिले जात, कबर मिळत नसे. या एका हाडाने दाखवलं की निदान एका माणसाला घरच्यांनी आणून घरच्या कबरीत ठेवलं. यावरून येशूच्या कबरीबद्दल काही सिद्ध होत नाही. शुभवर्तमान सांगतं तशी गोष्ट त्या काळी घडू शकत होती, इतकंच.

सायरसच्या दंडगोलात, तुम्हाला माहीत असेल, यरुशलेमचं नाव नाही. त्यात बॅबिलोनचा देव मर्दुक आहे. पण इतर नगरांचे देव त्यांच्या जागी परत पाठवले, विस्थापितांना परत जाऊ दिलं, असं धोरण आहे. एज्रा त्या धोरणात बसतो.

वसईची_लेक

खिळा वाकलेला. हे आज मुलीला कसं सांगावं कळत नाही, पण सांगणार. चर्चमध्ये क्रूस इतका रोज दिसतो की तो लाकूड आणि लोखंड होता हे विसरायला होतं.

गर्भगिरी

खापरवेडा, यरीहो मी टाळलं हे खरं आहे. मला भीती वाटली. आता नाही वाटत. पुढच्या बायबल अभ्यासात लाखीशबरोबर यरीहोही सांगणार आहे. पाळकांशी बोललो. त्यांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, सांगा, पण प्रश्न विचारायला वेळ ठेवा.

बाजारातल्या वस्तूंबद्दल तेलघाणा दादांनी सूचित केलं, त्यावर दोन शब्द, कारण आमच्या गटांवर याच वस्तू जास्त फिरतात. २००२ मध्ये 'याकोब, योसेफाचा पुत्र, येशूचा भाऊ' असा लेख असलेली हाडांची पेटी जगभर गाजली. ती कुठल्या थडग्यातून आली कुणालाच सांगता येत नाही, ती एका संग्राहकाकडे होती. इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याने २००३ मध्ये लेखाचा काही भाग नंतर घातलेला ठरवला. खटला चालला, २०१२ मध्ये मालक बनावटीच्या आरोपातून सुटला, पण न्यायाधीशांनीच स्पष्ट केलं की म्हणून लेख खरा ठरत नाही. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (तिथल्या गुहांत सापडलेली जुनी हस्तलिखितं) म्हणून १६ तुकडे घेतले होते. २०२० मध्ये तपासणीनंतर सगळे बनावट असल्याचं त्यांनीच जाहीर केलं. जुन्या चामड्यावर नवी शाई.

माझ्या मते या वस्तू विकत घेणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. पण आपल्याला पुरावा हवाहवासा वाटतो हे विकणाऱ्याला माहीत असतं. रथाची चाकं फुकट फिरतात, तरी त्यांची किंमत माझ्या भाच्याने दिली.

आणि आता ज्या वस्तूसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती.

१९७९. यरुशलेमेत हिन्नोम दरीच्या काठावर गेब्रिएल बार्काय जुनी थडगी खणत होते. मदतीला शाळकरी मुलं. एका मुलाला नुसतं साफ करायला बसवलं होतं. त्याने कंटाळून हातोडीने जमीन ठोकली आणि ती फुटली. ती जमीन नव्हती, पडलेलं छत होतं, आणि त्याखाली लुटारूंच्या हाती न लागलेलं भांडार. त्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या. आपण ताईत घालतो तशा, गळ्यात घालायच्या. उलगडायला तीन वर्षं लागली. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब. काळ ख्रिस्तपूर्व सहाशेच्या आसपास, बॅबिलोनने शहर जाळायच्या वेळचा. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपेक्षा चारेकशे वर्षं आधीच्या.

कोरलेलं काय होतं? गणना ६:२४-२५ चे शब्द. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो, तो आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो.

माझे वडील दर रविवारी उपासनेच्या शेवटी दोन्ही हात वर करून हेच म्हणायचे. शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, तेव्हाही हात आपोआप वर जायचे. यरुशलेमच्या संग्रहालयात त्या काचेपुढे मी उभा होतो आणि अक्षरं वाचता येत नसताना मला ऐकू येत होतं. यातून देव सिद्ध होत नाही, हे प्रश्नचिन्ह यांनी सांगायच्या आधी मीच सांगतो. सिद्ध होतं ते एवढंच की सव्वीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे शब्द गळ्याशी बांधून पुरलं गेलं, आणि ते शब्द माझ्या वडिलांपर्यंत आले.

प्रश्नचिन्ह

यावर माझ्याकडे प्रश्न नाही.

तेलघाणा

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हेच शब्द म्हणतो. कालही म्हटले.

आमच्या बेने इस्राएलांचं सांगतो. पूर्वज गलबत फुटून नवगावला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आमची परंपरा. त्याचा शिलालेख नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, घोड्याच्या टापेची खूण आहे, आमची माणसं तिथे मलिदा करतात. ती खूण कुणी तपासायला बसत नाही. पण कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी, शब्बाथाला, आमचा तेलाचा घाणा बंद. खापर न सापडलेला पुरावा म्हणा हवं तर. शेजाऱ्यांनी दिलेलं नाव होतं, आम्ही घेतलेलं नव्हतं.

खापरवेडा

शेजाऱ्यांनी दिलेलं नाव. यावरून १९९३ चा तेल दानचा शिलालेख आठवला. उत्तर टोकाला, अव्राहाम बिरान यांच्या उत्खननात, भिंतीत वापरलेला बसाल्टचा तुटका तुकडा. शत्रू राजाने, बहुधा दमास्कसच्या हजाएलाने, अरामी भाषेत कोरलेला. त्यात यहूदाच्या राज्याला 'दावीदाचं घराणं' म्हटलंय. तोवर दावीद हा राजा होताच का, असं विचारणारे गंभीर अभ्यासक होते. दावीदाचं राज्य केवढं होतं हा वाद अजून जोरात आहे. पण त्याच्यानंतर दीडेकशे वर्षांनी शत्रू त्या घराण्याला त्याच्या नावाने ओळखत होता.

गर्भगिरी, भाच्याला मुंबईला नेता आलं तर फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात अश्शूरी राजवाड्यातली मूळ शिल्पं आहेत, ती दाखवा. लेयार्डने निमरूदहून काढलेल्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गेच लंडनला गेल्या. त्यात तो काळा स्तंभही होता, ज्यावर इस्राएलचा राजा येहू अश्शूरच्या शलमनेसर राजापुढे खंडणी घेऊन आल्याची नोंद आहे. १८४८ मध्ये पुढे रवाना होण्याआधी पेट्या मुंबईत उघडल्या गेल्या, लोकांनी पाहिल्या. तेव्हा ते लेखन वाचणारं कुणी नव्हतं. येहूचं नाव त्यात आहे हे काही वर्षांनी कळलं.

गर्भगिरी

हे मला माहीतच नव्हतं. येत्या शनिवारी नेतो. भाच्याने धागा वाचला. काही बोलला नाही. रात्री त्याचा निरोप आला, "८०० आणि ३०० यातलं बरोबर कुठलं असेल?" मी लिहिलं, माहीत नाही, दोन्ही बाजूंना आपापली कारणं होती. त्यावर त्याने बोगद्याचा नकाशा मागितला. उतार कसा साधला असेल याचं गणित मांडतोय म्हणे.

तेलघाणा

त्याला इकडे पाठवा कधीतरी, आमच्याकडे उतरेल. बोगद्यात दिवे नाहीत, डोक्याला बांधायची बॅटरी आणायला सांगा आणि भिजली तरी चालेल अशी चप्पल. झऱ्याकडून शिरलं की पाणी आधी मांडीपर्यंत येतं, मग कमी होतं. मध्याच्या आसपास सावकाश चालायला सांगा, भिंतीवर हात ठेवून. टिकावाच्या घावांची दिशा एका ठिकाणी उलटी होते. तिथे थांबायचं. तिथेच ते भेटले.